पहिल्या फिल्मला चेहरे नकोत

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, पट २८, हाताशी बाईंचा स्वतःचा एकच फोन. मुलांनी मिळून काम करायला शिकावं म्हणून तीन मिनिटांची शॉर्ट फिल्म करायला घेतली. दुसऱ्याच दिवशी भांडणं सुरू झाली. तीन हुशार मुलांनी सगळा ताबा घेतला, दोघी रडल्या, बाकीची पोरं पटांगणात पळाली. आता पुन्हा करून बघावं की सोडून द्यावं?

मॅडम, सोडू नका. मी बावीस वर्षं तिसरी ते पाचवीला शिकवतेय, त्यातली तेरा वर्षं वर्गात दर वर्षी फिल्म होते. पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं. फरक इतकाच, की माझी फिल्म पूर्ण झाली. ते जास्त वाईट.

स्नेहसंमेलनात दाखवायची म्हणून मी गोष्ट लिहिली, संवाद लिहून पाठ करून घेतले, 'ॲक्शन' मीच ओरडले आणि रात्री दोनपर्यंत जागून एडिटिंगही मीच केलं. गावाने टाळ्या वाजवल्या. शिक्षण परिषदेत कौतुक झालं. गोष्टीत एक कोंबडी होती. तिला चौकटीबाहेर बसून दिवसभर धरून ठेवायचं आणि वेळ आली की सोडायचं, हे काम एका मुलाकडे होतं. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला नि म्हणाला, "बाई, कोंबडी दिसली. मी कुठं होतो?" त्याची आई शेजारीच उभी होती. पट ३१, पडद्यावर दिसली ९ मुलं.

मुलं गोल करून बसवली की गट होतो, पण गटकार्य होतंच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका तक्त्याभोवती सहा जणांना बसवा. एक जण तक्ता करतो, पाच जण रंगपेटी उघडतात आणि मिटतात. त्या एकाला पाचांची गरजच नसते, मग त्याने त्यांचं ऐकायचं कशाला? काम असं हवं की एक जण नसला तर ते अडावं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गावर्गांत भांडणं चालली होती. तिथं एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने हेच केलं: एका धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आता पूर्ण धडा कळायचा तर समोरच्या नावडत्या मुलाचंही ऐकणं भाग होतं.

फिल्ममध्ये हे तुकडे आयते पडलेले असतात. आपण मात्र ते बघत नाही, आपल्या डोळ्यांपुढे आख्खी फिल्म असते. मी मुलांना फिल्म करायला सांगतच नाही, शॉट घ्यायला सांगते. दहा सेकंदांचा एक शॉट. फोन धरणारा, उजेड टाकणारी, समोर काम करणारा, आवाज सांभाळणारी, सगळ्यांनी त्याच दहा सेकंदांत आपापलं काम करायचं असतं. कुणी एक चुकलं तर ते लगेच, त्याच फोनवर, सगळ्यांना दिसतं. असे सहा शॉट झाले की एक मिनिट झालं. चौथीला एक मिनिट पुष्कळ आहे. तीन मिनिटांचा नाद पहिल्या वर्षी सोडा.

दुसरं, पहिल्या फिल्मला चेहरे नकोत. फक्त हात, पाय आणि वस्तू. हा नियम मी भांडणाला कंटाळून केला होता, त्याचे फायदे नंतर कळले. हिरोच उरत नाही, त्यामुळे हिरो कोण यावरून भांडण नाही. गोरी मुलगी पुढे, सावळी मागे, हा आपल्याही नकळत होणारा प्रकार बंद होतो. संवाद नसल्याने पाठांतर नाही, आणि फोनला लांबचा आवाज नीट पकडता येत नाही ही अडचणही टळते. गोष्टीसुद्धा सुधारतात. चेहरे असले की मुलं टीव्हीवरची गोष्ट आणतात: चोर, पोलीस, भूत, नाहीतर दारुडा बाप आणि शेवटी उपदेश. हातापायांची गोष्ट म्हटलं की त्यांना आपला वर्ग दिसायला लागतो. आमच्याकडे झालेल्या काही गोष्टी सांगते. खोडरबर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत जातं आणि मालकाकडे परत येतं तोवर अर्धं झालेलं असतं. गळका नळ, सगळे पाय ओलांडून जातात, एक पाय थांबतो. मुतारीबाहेर चपलांच्या जोड्या बदलतात. सीताफळाचं एक बी, ते कोण कुठं थुंकतं. (ही शेवटची आमच्या भागातली, आमच्याकडे सीझनला दप्तरातही सीताफळं असतात.)

गोष्ट ठरवायला कागदावर सहा चौकोन आखून द्या. एका चौकोनात एक शॉट. चित्र चांगलं यायची गरज नाही, काड्यांची माणसं चालतात. सहा मुलं, सहा चौकोन, प्रत्येकाने एकेक काढायचा. म्हणजे पुढच्याने काय काढलंय हे बघितल्याशिवाय आपला चौकोन काढताच येत नाही. पहिल्या दिवशी एवढंच करा.

आता कामं. दिग्दर्शक नेमू नका. दहा वर्षांच्या मुलाला दिग्दर्शक केलं की त्याचा मॉनिटर होतो आणि मॉनिटर काय करतो ते आपण रोज बघतो. आमच्या गटात सहा कामं असतात. 'हात' म्हणजे समोर काम करणारा. 'फोन'. 'उजेड' म्हणजे पांढरा ड्रॉइंग पेपर किंवा थर्माकोल धरून सावलीतल्या बाजूवर ऊन परतवणारी. 'डोळा' चौकटीत नको ते काही येतंय का बघतो: कुणाचं दप्तर, कुणाची सावली, मागच्या शॉटमध्ये बाही वर होती ती आता खाली आली का. 'कान' आजूबाजूचा आवाज ऐकते. आणि 'पाटी'. पाटीवर खडूने शॉटचा नंबर लिहून ती फोनसमोर धरायची, बाजूला घ्यायची आणि मग 'चला' म्हणायचं.

हे 'चला' सगळ्यांत महत्त्वाचं आहे. पाटीवाल्याला ते मनाला येईल तेव्हा म्हणता येत नाही. त्याने एकेकाला विचारायचं: "फोन?" "तयार." "उजेड?" "तयार." "कान?" कान म्हणाली, "थांबा, ट्रॅक्टर आहे," तर सगळे थांबतात. खऱ्या सेटवरही कॅमेरा आणि साउंडकडून होकार आल्याशिवाय ॲक्शन म्हणत नाहीत, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीच्या एका 'थांबा'वर पाच जण थांबतात, हे तिला आणि त्या पाच जणांनाही नवीन असतं. पहिल्या दिवशी दोन-तीन 'कान' उगाच थांबवून बघतात. बघू द्या. चौथ्या वेळी गटच विचारतो, "कसला आवाज? आम्हाला तर येत नाही."

प्रत्येक शॉटनंतर कामं एक घर पुढे सरकतात. सहा शॉट, सहा कामं: फिल्म संपेपर्यंत प्रत्येकाने सगळं केलेलं असतं. तुमच्या २८ जणांचे सहा-सहाचे तीन आणि पाच-पाचचे दोन असे पाच गट होतील. पाचच्या गटात डोळा आणि कान एकाकडे द्या. कुणी गैरहजर असला तरी असंच. ऊसतोड, जत्रा, पावणे, आपल्याकडे गैरहजेरी धरूनच बेत करावा लागतो.

फोन एकच आहे हे मला तर बरंच वाटतं. एका गटाकडे फोन वीस मिनिटं, बाकीचे गट पुठ्ठ्याच्या चौकटीतून तालीम करतात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला १६ सेंटीमीटर बाय ९ सेंटीमीटरची खिडकी कापायची, आडव्या फोनच्या व्हिडिओचं लांबी-रुंदीचं प्रमाणही सहसा १६:९ असंच असतं. खिडकी डोळ्याजवळ धरली की सगळा वर्ग दिसतो, हात लांब करून खोडरबराजवळ नेली की खोडरबर आणि आजूबाजूची थोडीशीच जागा दिसते. लाँग शॉट आणि क्लोजअप शिकवायला याहून जास्त काही लागत नाही. पुठ्ठ्यावर तीनदा तालीम केलेला गट फोन हातात आल्यावर दोन टेकमध्ये, म्हणजे दोन प्रयत्नांत, शॉट देतो. दोनच टेक, हाही नियमच. तिसरा टेक मागितला की भांडणाला सुरुवात होते, अनुभव आहे.

एडिटिंग करू नका, निदान पहिल्या वेळी. सहा शॉट क्रमाने घ्यायचे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना थांबवून पुन्हा सुरू करायचं बटण असतं, ते वापरलं तर शेवटी जोडलेली फिल्मच मिळते. पण मग टेक पुन्हा घेता येत नाही, म्हणून मी शॉट वेगळे घेते आणि चांगला टेक कुठला हे गटाने ठरवल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर नुसते एकापुढे एक जोडते. माझी कलाकुसर शून्य. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन शॉटला व्हॉट्सॲपवर माहिती मागवणारा मेसेज येतोच येतो. सूर्य फोन धरणाऱ्याच्या पाठीशी हवा. वर्गातला पंखा बंद.

टेक बघताना मुलं काय बोलतात याकडे मात्र बारीक लक्ष हवं. पहिल्या वर्षांत माझा सगळा वेळ "ह्याने हलवला बाई", "ही मध्ये आली बाई" यातच जायचा. मग एक सोपी युक्ती सापडली, मराठीनेच दिलेली. 'त्याने फोन हलवला' म्हणायचं नाही, 'फोन हलला' म्हणायचं. 'तिने सावली पाडली' नाही, 'सावली आली'. माणूस वाक्यातून काढायचा आणि जे चित्रात दिसलं तेवढंच सांगायचं. एवढ्याने निम्मी भांडणं मिटली. कारण 'फोन हलला' असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप 'मग काय करू या' हा येतो; 'त्याने हलवला' म्हटलं की 'नाही, मी नाही' येतं. आता आमच्याकडे कबड्डीतही पोरं म्हणतात, "पाय लागला."

फोन हलण्याचाच एक किस्सा. एका वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी तिसरीत दाखल झाली. वाचन मागे, बोलणं जवळजवळ नाही, आणि मुलांनी तिला गटात 'घेतलं' होतं, म्हणजे बसू दिलं होतं. नळाच्या गोष्टीत चौथा शॉट होता: थेंब पडतोय, मागून एक पाय येतो आणि थांबतो. थेंब मोठा दिसायला हवा म्हणून फोन अगदी जवळ, आणि जवळ गेलं की जरासा हातही भूकंपासारखा दिसतो. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाचे दोन्ही टेक हलले. दोन टेकचा नियम बाजूला ठेवून काम पुढे सरकवलं, फोन हिच्याकडे आला. तिने दोन्ही कोपरं कमरेला घट्ट लावली, एक गुडघा जमिनीवर टेकला आणि श्वास धरला. धाकट्या भावाला सतत कडेवर घेऊन फिरणारी मुलगी ती, वजन अंगाशी कसं धरायचं ते तिला माहीत होतं. दहा सेकंद चित्र हललं नाही. थेंब तयार होताना, लांबताना, सुटताना दिसला.

तेव्हा मी 'छान' म्हटलं असतं तर ते तिथंच जिरलं असतं. मी सगळ्या वर्गाला तो शॉट दाखवला आणि विचारलं, "चित्र का नाही हललं?" मुलांनीच शोधून काढलं: कोपर. मग तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फोन धरणाऱ्याला "कोपर लाव" असं सांगायची पद्धत पडली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी गटकार्याचा खूप वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की गटात ज्याला सगळे हुशार समजतात तोच जास्त बोलतो, आणि जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतोही. 'सगळ्यांना बोलू द्या रे' असं सांगून हे बदलत नाही. मागे पडलेल्या मुलाला एखादी गोष्ट खरोखर येत असेल तर शिक्षकाने ती नेमकी हेरून सगळ्यांसमोर सांगावी लागते, आणि ती गोष्ट त्या कामाला लागणारी असावी लागते. खोटं कौतुक मुलं ओळखतात. ती मुलगी पावसाळ्याच्या तोंडाला निघून गेली. पुढच्या शाळेत तिला कुणी फोन दिला का, माहीत नाही.

'उजेड'चं काम सुरुवातीला कुणालाच नको असतं. कागद धरून उभं राहायचं, त्यात काय? मग मी सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच्या मागे दादासाहेबांबरोबर त्या होत्या: कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, एवढ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड टाकायचा. म्हणजे 'उजेड'च. तेव्हापासून त्या कामाला आमच्या वर्गात वट आहे.

पहिली-दुसरीला हे सगळं झेपत नाही. त्यांच्यासाठी चिंचोके, शेंगा, काड्या घ्या आणि एकेक फोटो काढून हलतं चित्र करा. फोन दोन विटांमध्ये पक्का बसवायचा, खाली जमिनीवर चिंचोके. एक जण चिंचोका बोटभर सरकवतो, दुसरी म्हणते "हात बाहेर!", तिसरा बटण दाबतो, चौथी मोजते. सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांना १२० फोटो लागतात. म्हणजे शंभराच्या पुढची मोजणीही होऊन जाते. ज्या फोटोत हात राहिला तो फिल्ममध्ये भुतासारखा चमकून जातो आणि सगळा वर्ग हसतो. पुढच्या वेळी "हात बाहेर" जोरात ऐकू येतं.

तिसरीला वाटाण्याचं रोप. दादासाहेबांनी भांडवलदाराला पटवायला हेच केलं होतं: कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण, महिनाभर, आणि पडद्यावर मिनिटभरात उगवलेलं रोप. आमच्याकडे परिपाठ संपला की त्या दिवशीची जोडी कुंडी खडूच्या खुणेवर ठेवते, फोन विटेच्या खुणेवर ठेवते, एक फोटो काढते. चुकलं तर दुसऱ्या दिवशी कळत नाही. कळतं ते तीन आठवड्यांनी, सगळे फोटो सलग बघताना: रोप मध्येच उडी मारून डावीकडे जातं. "हा कुठला दिवस?" मग तक्त्यावर त्या दिवशीची नावं बघितली जातात. आधी मी अशा वेळी त्या जोडीला वाचवायला जायचे. आता जात नाही, फक्त 'कुंडी सरकली' एवढंच म्हणायचं, हा नियम लावते. रविवारच्या उड्या मात्र दर आठवड्याला असतात, त्यांना कुणाचाच इलाज नाही.

तयार फिल्म दाखवतानाही एक पथ्य आहे. करणाऱ्या गटाने तोंड बंद ठेवायचं. बघणाऱ्यांनी सांगायचं, आम्हाला काय गोष्ट दिसली. खोडरबराच्या फिल्मनंतर एक मुलगा म्हणाला, "ते खोडरबर चोरीला गेलं." करणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, त्यांच्या मते ते सगळ्यांनी मागून घेतलं होतं. मागतानाचा हात त्यांनी दाखवलाच नव्हता. पुढच्या शनिवारी स्वतःहून सातवा शॉट घेतला. शेवटी नावं येतात ती पाटीवर, ज्याच्या त्याच्या अक्षरात, हजेरीच्या क्रमाने. कामाचा उल्लेख नाही, कारण सगळ्यांनी सगळं केलेलं असतं.

नोंदींचं म्हणाल तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, उपक्रम किंवा प्रकल्प म्हणून हे सहज बसतं. फक्त 'गटकार्यात आनंदाने सहभागी होतो' हे आपलं ठरलेलं वाक्य लिहू नका, ते एकाच्या पुढे लिहून खाली डिट्टो मारता येतं. बघितलं ते लिहा: 'कान असताना ट्रॅक्टर जाईपर्यंत तीन वेळा थांबवलं.' 'उजेड धरणारीचा हात दुखतोय हे बघून पाटी लवकर घेतली.' दिवसाला तीनच मुलांचं लिहिलं तरी दहा दिवसांत वर्ग होतो.

पालकांची लेखी संमती चेहरे नसले तरी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी ती घ्यायलाच हवी. यूट्यूबवर टाकायचा मोह आवरा. पालकसभेत दाखवा, पुरे. स्पर्धांनाही मी आता पाठवत नाही. एकदा पाठवली तेव्हा शेवटच्या आठवड्यात सगळे शॉट मीच 'नीट' करून घेतले होते, आणि मुलांना ते कळलं होतं.

राहता राहिली तुमची ती तीन हुशार मुलं. आपण सहसा त्यांना तीन गटांत वाटतो, म्हणजे प्रत्येक गटाला एक इंजिन. मी उलटं करते, तिघांना एकाच गटात टाकते. एका वर्षी अशा गटाचा तिसऱ्या शनिवारपर्यंत एकही शॉट झाला नव्हता. तिघांकडे तीन गोष्टी होत्या, तिन्ही चांगल्या, आणि राहिलेल्या दोघी तक्त्याला टेकून बसल्या होत्या. मी काही बोलले नाही, फक्त फोनची वीस मिनिटं संपली की फोन काढून पुढच्या गटाला देत होते. चौथ्या शनिवारी त्या दोघींनी कंटाळून चपलांची गोष्ट सहा चौकोनांत काढून ठेवली. तिघे भांडत आले तेव्हा त्यातली एक म्हणाली, "आमचं तयार आहे. तुम्ही येताय का?" तिघांनी चौकोन बघितले. एकाने तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "इथं चप्पल कुणाची?" ती म्हणाली, "तुझी. काढ."